भामट्याचं हसू

उंदरांना गुदगुल्या करायचा मला पगार मिळतो. सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, मी कुठल्याशा यंत्रावर बसते. तेही अगदीच खोटं नाही. उंदीर हसतो तो इतक्या बारीक आवाजात, की माणसाच्या कानाला पत्ताही लागत नाही. आमचं यंत्र तो आवाज खाली उतरवतं आणि खोलीभर किलबिल होते. उंदीर घाबरला, की त्याच यंत्रातून लांबलचक, जड हुंकार येतो. माणसाच्या घामातली भीतीसुद्धा त्याला वासावरून कळते, आणि मग तोही घाबरतो.

त्या दिवशी उंदरानं हसणं फार गरजेचं होतं. वरच्या कार्यालयातून साहेब आले होते. प्रयोग पटला नाही तर खोली बंद, आणि खोली बंद म्हणजे सहाही उंदरांना शेवटची सुई. आमचे सर साहेबांच्या मागेपुढे करत होते. मी भामट्याच्या पेटीत हात घातला. भामटा आमचा सगळ्यात हसरा. हात दिसला की पळत येऊन उताणा पडणारा.

तो कोपऱ्यात जाऊन बसला. यंत्रातून हुंकार आला.

माझी पाचावर धारण बसली होती. चेहऱ्यावर दिसू दिलं नव्हतं, पण तळहाताला कोण समजावणार? पुन्हा हात पुढे केला, पुन्हा तेच. सर घसा खाकरू लागले. मला त्यांचा राग आला, स्वतःचा जास्त. शेवटी खरं ते सांगून टाकलं, की आधी मी घाबरलेय, माझ्यामुळे तो.

साहेबांना गंमत वाटली. बघू आम्हाला जमतंय का, म्हणत त्यांनी बाही वर सारली. त्यांना कशाची भीती? भामटा हुंगत आला, जरा थांबला आणि उताणा झाला. खोलीभर किलबिल. साहेब स्वतःही खुदखुदले, सरांचा जीव भांड्यात पडला. मला मात्र बरं वाटायच्या ऐवजी जळफळाटच झाला. लहानाचा मोठा केला मी, आणि हसला कुणाच्या हाताखाली!

साहेबांचा हात अजून पेटीतच होता, तेव्हा मी विचारलं, “मग या उंदरांचं काय ठरलंय?”

“काही काळजी करू नका,” साहेब गोड आवाजात म्हणाले. “सगळं चालू राहील.”

किलबिल थांबली. भामटा झटकन उलटून कोपऱ्यात सरकला आणि यंत्रातून हुंकार आला, मघाच्यापेक्षाही लांब. त्याचा अर्थ सरांनी साहेबांना नुकताच समजावून दिला होता. तोंडानं कितीही गोड बोललं, तरी खोटं बोलताना तळहात घाबरतोच. साहेबांनी चटका बसावा तसा हात काढून घेतला आणि रुमालाला पुसत राहिले. सरांचा चेहरा उतरला.

“कधी?” मी विचारलं.

“सोमवारी,” साहेब खाली बघत म्हणाले.

मी पेटीत हात घातला. आता घाबरायला उरलं काय होतं? भामटा दबकत आला, हुंगून मनगटावर चढला. त्याला कोटाच्या खिशात ठेवून मी दाराकडे निघाले. सरांनी अडवायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

“अजून पाच आहेत,” मी म्हटलं. “पिशवी घेऊन येते.”

आज सासूबाईंना सगळं सांगावंच लागणार होतं.