सुभेदाराच्या नावावरचं तेल

आमच्या बोस्त्रा शहरात सुभेदार येतात आणि जातात. रोमहून येताना सम्राटाचं पत्र घेऊन येतात, जाताना चौकात आपला पुतळा सोडून जातात. पुतळा तरी कुणी मागितलेला असतो थोडाच? आम्हीच उभारतो. उगवत्याला नमस्कार घालायची आमची जुनी खोड. त्यांतला अटिलियस पुल्खर त्यातल्या त्यात बरा म्हणायचा. त्यानं फुटका पाट बांधून शहरात पाणी आणलं, म्हणून नगरसभेनं त्याचा पुतळा बसवला. खालच्या काळ्या दगडावर लेख कोरायचं काम जब्दाय पाथरवटाला मिळालं.

लेखाच्या सहा ओळी जब्दायनं स्वतः कोरल्या. वरची, सगळ्यांत ठळक, सुभेदाराच्या नावाची ओळ मात्र त्यानं आपल्या एकुलत्या एका मुलाला दिली. तैमू एकोणीस वर्षांचा. पहिल्यांदाच बापाच्या मदतीवाचून टाकी लावत होता.

"खोल कोर रे," बाप म्हणाला होता. "पाचशे वर्षं लोकांनी वाचलं पाहिजे."

"पाचशेच?" तैमू हसला होता.

त्याच उन्हाळ्यात खाणीत दरड कोसळली आणि तैमू तिच्याखाली गेला. आठ दिवस खणूनही हाती काही लागलं नाही. पुरायला काही नाही म्हणून कबर नाही, कबर नाही म्हणून तिच्यावर उभा करायचा दगड नाही. आमच्यात गेलेल्या माणसाच्या दगडाला घरच्यांनी तेल लावायचं असतं, नाहीतर त्याला तिकडे चैन पडत नाही. त्याच्या आईनं, गमीलतनं, आपली वाट काढली. रोज सकाळी पाण्याला जाताना ती चौकात थांबायची आणि त्या वरच्या ओळीत बोटानं तेल भरायची. तिला वाचता येत नव्हतं. नाव कुणाचं याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. हात तिच्या लेकाचा होता.

मग पुल्खरवरची सम्राटाची मर्जी फिरली. का फिरली, ते आम्हांला कोण सांगतंय? नवा सुभेदार आला तोच हुकूम घेऊन आला: जुन्याचं नाव जिथं असेल तिथून काढा. पुतळ्याचं डोकं त्याच दिवशी उतरलं. लेखाचं काम मागं पडलं असतं, आमच्याकडे सगळंच पडतं. पण नव्या सुभेदाराच्या शिपायांना धुळीनं भरलेल्या त्या चौकात एकच नाव तेलानं चकाकताना दिसलं.

दुपारी नगरसभेचा कारकून सोपातर जब्दायकडे आला. दोघं एका गल्लीत वाढलेले.

"जब्दाय, ते नाव आजच्या आज जायला हवं. शिपाई विचारतायत, पुल्खरची पूजा कोण करतंय म्हणून."

"पुल्खर गेला खड्ड्यात. ती तैमूची अक्षरं आहेत, सोपातरा. तुला ठाऊक आहे."

"मला आहे. त्यांना कसं पटवू? ही बाई फितूर नाही, नुसती आई आहे, असं सांगू?"

"हो, तसंच सांग."

"सांगितलं रे. हसले." सोपातरनं मान खाली घातली. "उद्या सकाळी तिथं पहारा बसतोय. वहिनी तेल घेऊन आली, तर तिला धरून नेतील."

जब्दाय म्हणाला, "खालच्या सहा ओळी काढा की. माझ्या आहेत त्या. अख्खा मजकूर काढा, नाव तेवढं राहू द्या."

"त्यांना नावच नकोय. बाकीचं हवंय. वर नव्याचं नाव घालून तेच पाणी त्याच्या खात्यावर मांडायचंय." सोपातर उठला. "तुझ्याच्यानं होणार नसेल, तर मी दुसरा पाथरवट बघतो."

"माझ्या पोराला दुसऱ्याची टाकी लागायची नाही," जब्दाय म्हणाला आणि त्यानं हत्यारं उचलली.

चौकात त्यानं डोक्याचं फडकं सोडून दगडाच्या पायाशी पसरलं. पोरानं बापाचं ऐकलं होतं, पाचशे वर्षं टिकेल असंच कोरलं होतं. एका घावात एकही अक्षर जाईना. लोक बघत होते आणि जब्दाय भर उन्हात हुंदके देत घाव घालत होता. तेलानं काळी पडलेली भुकटी फडक्यात पडत होती. तिन्हीसांजेला नावाच्या जागी नुसता खळगा उरला. त्यानं फडक्याची गाठ मारली आणि तो घरी गेला.

गमीलत दारात उभी होती. कुणीतरी तिच्या कानावर घातलं असावं.

"कुणी काढलं?" तिनं विचारलं.

"मीच."

त्यानं गाठोडं तिच्या हातात दिलं. "तेलासकट आहे सगळं. एक कपचीही तिथं ठेवली नाही. उद्या हे पुरू, वर दगड उभा करू. तिथं घाल तेल. कुणी हटकणार नाही."

ती उंबऱ्यावर बसली. गाठोडं मांडीवर घेऊन तिनं ते जरा उचलून पाहिलं, पुन्हा मांडीवर ठेवलं.

"एवढासाच?" ती म्हणाली. "जन्मला तेव्हा याहून जड होता हो."