उसन्या नाइटा

नाइट करणारी बाई मी चेहऱ्यावरून ओळखते, आणि किती वर्षं करते तेही साधारण सांगते. दोन वर्षांची असेल तर डोळ्यांखाली काळं. पाचाच्या पुढं गेली की पित्त, आणि पर्समध्ये त्याच्या गोळ्या. दहा झाली की वजन, शुगर, थायरॉइड यातलं कुणीतरी मुक्कामाला आलेलंच असतं, आणि पाळीची तारीख विचारली तर बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागते. मी स्वतः एकोणीस वर्षं नाइट केल्या. आता बीपी आहे, शुगर आहे आणि रात्री तीनला आपोआप उघडणारे डोळे आहेत. नवरा म्हणतो, तुझ्यामुळं घड्याळाचा खर्च वाचला.

आता मी इनचार्ज आहे. नांदेडला आमचा साठ खाटांचा खाजगी दवाखाना. सिस्टर लोकांचा ड्यूटी चार्ट मी लावते. चार्ट भिंतीवर असतो, सगळ्यांना दिसतो. पण खरा कारभार माझ्या निळ्या वहीत. आमच्याकडं रजा मागितली की मिळत नाही. रजा उसनी घ्यावी लागते. तुझ्या नणंदेचं लग्न आहे ना, मग तुझ्या चार नाइटा मी करते, पुढं माझ्या चार तू करायच्या. कोण कुणाला किती नाइटांचं देणं लागतं ते वहीत. भांडण झालं तर वही काढायची, विषय संपला. या वहीचा मला फार अभिमान होता. डॉक्टर लोकसुद्धा म्हणायचे, सिंधु मॅडमच्या वहीत चूक सापडायची नाही.

गौसिया त्या वहीत देणेकरी म्हणून शिरली ती जूनमध्ये. लातूरची पोरगी. नवरा वकार तिकडं मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो. ही इकडं शबाना सिस्टरसोबत खोली करून राहायची आणि सुट्ट्या जोडून घेऊन लातूरला पळायची. जूनमध्ये तिची सासू न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. गौसियानं चौदा नाइटा उसन्या घेतल्या आणि सासूच्या खाटेशी जाऊन बसली.

"बघ बाई, चौदा म्हणजे चौदा," मी म्हणाले होते. "सासू बरी झाली म्हणून त्यातली एक पण कमी व्हायची न्हाई."

"सासू माझी हाय मॅडम, तुम्ही कशाला मोजून राहिल्या," ती हसली होती.

जुलैपासून ती फेडायला लागली. महिन्याच्या स्वतःच्या दहा, वरून तीन-चार फेडीच्या. सकाळी आठला सुटून खोलीवर जायची, खिडकीला काळी चादर लावून झोपायची. वर पत्रे, शेजारी पिठाची गिरणी. चार तास झोप मिळाली की शबानाला सांगायची, आज ईद झाली.

सप्टेंबरात मला कळलं.

सांगितलं कुणीच नाही. वॉर्डात खाटेपाशी एक्स-रे काढायचं ढकलमशीन येतं. ते घेऊन मल्लिनाथ आला की "बाजूला व्हा" म्हणून ओरडतो, आणि आमच्या सिस्टर दोन पावलं बाजूला होतात. त्याहून जास्त कुणी सरकत नाही. गौसिया तर पेशंटचा हात धरून थांबायची. आता मशीनची चाकं वाजली की ती पार जिन्यापाशी. एकदा, दोनदा, तीनदा. सकाळच्या रिपोर्टच्या वेळी मी हे बघत होते. वर चहा बंद केलेला. बाईनं चहा सोडला आणि मशीनला पाठ दाखवली, तर पुढची बेरीज मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या अंदाजानं सातवा आठवडा.

"गौसिया मशीनला भिऊन राहिली आजकाल," रत्नम्मा म्हणाली. रत्नम्मा उदगीरची, तिच्या कानात पडलेलं दुपारपर्यंत उदगीरलाही पोचतं.

"तू तुझं सलाइन बघ," मी म्हणाले.

तिनं का सांगितलं नाही, तेही मला ठाऊक होतं. आपल्याकडं तीन महिने पुरे होईपर्यंत सांगायचं नसतं. हिंदूत नसतं आणि त्यांच्यातही नसतं. नजरेच्या बाबतीत सगळ्यांचं एकमत. पण गौसियाला त्याहून मोठं कारण होतं. पहिल्या वेळी तिनं दीड महिन्यातच अख्ख्या स्टाफला मिठाई वाटली होती. आठ दिवसांत ते गेलं, आणि पुढं वर्षभर कुणी ना कुणी विचारायचं, काय गं, कितवा चालू हाय? प्रत्येकाला उत्तर द्यावं लागलं. दुसऱ्या वेळी फक्त घरात सांगितलं, तेही गेलं. ही तिसरी खेप. वय चौतीस. या वेळी तोंडाला कुलूप.

आता नाइट बंद करायच्या तर आमच्याकडं अर्ज लागतो, अर्जात कारण लागतं, आणि चार्टवर तिच्या नावापुढं लाल पेननं 'वैद्यकीय कारण, फक्त दिवस' असं लिहावं लागतं. ते वाचून न समजणारी सिस्टर अजून जन्मायची आहे. म्हणजे तिनं अर्ज द्यायचा तर सगळ्यांना सांगायचं, आणि सांगायचं नाही तर नाइट करायच्या. ती नाइट करत राहिली.

मी काही करू शकत होते का? होते. ऑक्टोबरचा चार्ट लावताना मी पेन्सिलनं तिला दिवसाला टाकलं होतं. कारण लिहायची गरज नव्हती; माझा चार्ट, माझी मर्जी. तेवढ्यात रेणुका सिस्टर येऊन उभी राहिली.

"मॅडम, गौसियाकडं माझ्या चार नाइटा राहिल्या. दिवाळीला मला बिलोलीला जायचं हाय, त्याच्या आत फेडायला लावा. का तिला वेगळा नियम हाय?"

वेगळा नियम. माझ्या वहीला कुणी असं बोललेलं मला सोसत नाही. मी म्हणाले, "कुणाला वेगळा नियम न्हाई," आणि खोडरबर घेतला.

मनाशी म्हणाले, तिला पाहिजे असेल तर येईल. आली की बघू. एकदा ती खरंच आली होती. सकाळची सही करून माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"काय गं?"

"काही न्हाई मॅडम. पाय सुजले जरा."

"नाइटवालीचे पाय हाईत, सुजणारच. पाय वर करून झोप."

ती अजून दोन मिनिटं थांबली. मी वहीत बघत होते. मग गेली.

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला मी साडेसातला पोचले. गौसियानं रात्रीचा रिपोर्ट दिला. खाट एक ते बावीस, कुणाला ताप, कुणाचं ड्रेसिंग, कुणाची शुगर किती, सगळं नेटकं. आवाज नेहमीसारखा. सहाची इंजेक्शनं दिलेली, सह्या झालेल्या. शेवटी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मॅडम, मी जरा बसते."

ती बसायला वळली तेव्हा मी खाली बघितलं. पांढऱ्या सलवारीला मागून पार घोट्यापर्यंत रक्त.

"कधीपासून?"

"दोन वाजल्यापासून दुखून राहिलं."

"दोनपासून? अन् मला फोन का केला न्हाईस? खाली डॉक्टर होते की."

"नऊ नंबरची म्हातारी सिरियस होती," ती म्हणाली. "वॉर्डात मी एकटीच होते."

खालच्या मजल्यावर नेलं. डॉक्टर बाईंनी सोनोग्राफी केली, पडदा स्वतःकडं वळवून घेतला. पेशंटला दाखवायचं नसलं की त्या तसं करतात. गौसिया सिस्टरच, तिला त्याचा अर्थ माहीत. तिनं पडद्याकडं मान वळवलीसुद्धा नाही. छताकडं बघत म्हणाली, "वकारला मी सांगते. तुम्ही कुणी फोन करू नका."

डॉक्टर बाई मला बाहेर घेऊन गेल्या. "नाइट चालू होत्या?"

"हाव."

"आधीच्या दोन्ही वेळेला?"

त्या रात्री घरी जाऊन मी जुने चार्ट काढले. दोन्ही वेळेला नाइट होत्या; एकदा सलग आठ, एकदा सहा. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. डॉक्टर बाईंनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, "नाइटमुळंच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही, सिस्टर. नाइट करून पोरं झालेल्या बाया पण भरपूर आहेत. पण असं असताना जागरण टाळा, हे मी कुणालाही सांगितलं असतं. मला कुणी विचारलंच नाही."

घरच्यांना डेंगू सांगायचं ठरलं. आमच्याकडं डेंगूचे चार पेशंट होतेच, पाचवा खपून जातो. वकार आला, मुकाट्यानं बायकोला घेऊन गेला. जाताना माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. मला ते बरं वाटलं.

लातूर माझं माहेर. बारा दिवसांनी भावाकडं जायचं निमित्त काढून मी सकाळची एसटी धरली. लोहा, अहमदपूर करत अकराला लातुरात. गौसियाचं घर शोधत गेले. दार सासूनंच उघडलं. खैरून बी, हातात वॉकर.

"तुम्ही सिंधु मॅडम ना? सून लई नाव काढते तुमचं. कडक हाईत म्हणती." मग मोठ्यानं आत, "गौसिया, उठ बेटा, मॅडम आल्या. ही बघा, दिवसा झोपती. नोकरीनं सवयच तशी लावली. रात्री घरभर फिरती अन् दुपारी मेल्यावानी पडती."

"डेंगूत अशक्तपणा येतो, आपा," मी म्हणाले.

"हाव. डेंगू," खैरून बी म्हणाली.

आतल्या खोलीत गौसिया बाजेवर उठून बसली होती. चेहरा चुन्यासारखा. मी मोसंबी ठेवली. काय बोलायचं ते बसमध्ये जुळवून आणलं होतं.

"आता तुला नाइट न्हाई," मी म्हणाले. "सहा महिने दिवसाच. अर्ज नको, काही नको. ज्यांचं देणं हाय त्यांचं मी बघते."

"आता कशाला मॅडम?" ती म्हणाली. "आता करते की. आता काय बिघडणार हाय? रात्री तशी पण झोप येईना. तीन राहिल्यात ना?"

मी मान हलवली. तीनच राहिल्या होत्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला माझाच आकडा ऐकवेना.

बाहेर कुकरची शिट्टी झाली. तिनं आवाज खाली घेतला.

"मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "हाव. मशीनवरून कळलं."

"मला वाटलंच. त्या दिवशी मी टेबलाशी आले होते."

"पाय सुजले म्हणालीस."

"मला वाटलं, तुम्ही इचारताल. तुम्ही इचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी आपणहून सांगायचं नव्हतं, एवढंच होतं. पहिल्या वेळी मीच सांगत सुटले होते ना."

"मी वाट बघत होते, तू सांगशील म्हणून."

तिनं माझ्याकडं रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिनं माझा हात हातात घेतला, पेशंटचा घेतात तसा, आणि त्याच हातानं डोळे पुसायला गेली. मग दोघींनाही रडता येईना, कारण सासू ताट वाढल्याची हाक मारत होती. गौसियानं ओढणीनं तोंड कोरडं केलं, आरशात बघितलं आणि बाहेर जाऊन मला लिंबू कापून दिलं. जेवताना खैरून बीनं तिच्या भातावर तीनदा तूप घातलं. "खा. रक्त भरून यायला पाहिजे," म्हणाली.

दीड वाजता मी निघाले. गौसिया पुन्हा आडवी झाली होती. खैरून बी वॉकर टेकवत दारापर्यंत आली, बाहेर पायरीवर आली, आणि मागं दार ओढून घेतलं.

"मॅडम, कितवा महिना होता?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सप्टेंबरात आली तवा मी पपई कापली. तिला पपई म्हणजे जीव की प्राण. म्हणली, पोट भरलंय अम्मी. मी बशी उचलून आत नेली अन् स्वयंपाकघरात दुवा मागितली. इचारलं न्हाई. तीन महिने होऊ द्या म्हणलं, मग तीच सांगंल. दर सुट्टीला ती यायची अन् मी तोंडाकडं बघायची. नाइट करून येती, दिसत होतं मला. एकदा ओठावर आलं, नको करू म्हणून. पण मग का म्हणून नको, ते सांगावं लागलं असतं ना."

"तिसराच होता," मी म्हणाले. "अडीच झाले होते."

तिनं वॉकरच्या दांड्यावर दोन्ही हात घट्ट केले. "माझ्या खुब्यापायी ना त्या रात्री? वकार म्हणला मला, चौदा रात्री उसन्या घेतल्या म्हणून."

वही तर माझी होती. मी म्हणाले, "तसं डॉक्टर लिहून देत न्हाईत, आपा."

"लिहून कोण मागतंय," ती म्हणाली. मग माझ्या दंडाला धरून, अगदी हळू, "तिला सांगू नका मला कळलंय म्हणून. तिला वाटू द्या, अम्मीला डेंगूच वाटला. मी रडली तर तिला मला समजवावं लागंल. तेवढी ताकद न्हाई आता तिच्यात."

आतून गौसियाचा झोपाळू आवाज आला. "अम्मी, कुणाशी बोलून राहिल्या?"

खैरून बीनं पदरानं डोळे दाबले, घसा साफ केला.

"कुणाशी न्हाई गं. मॅडमला नांदेडच्या गाडीचा टाइम सांगून राहिले. झोप तू."