एक चाक ठोकळ्यावर

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. मी एक जुनी पोलादी पाचर आहे. एका टोकाला कागदासारखी पातळ आणि दुसऱ्या टोकाला बोटाएवढी जाड. माझ्या अंगावर बारीक रेघा आहेत. मोटारीचं दार आणि तिचं अंग यांच्यामध्ये जी फट असते, तिच्यात मला सरकवायचं. मी जिथे अडकते, त्या रेघेवरून फट किती रुंद ते कळतं. फट वरून खालपर्यंत सारखी असेल तर गाडी निगुतीने बांधली आहे. नसेल तर कुणीतरी घाई केली आहे. जन्मभर लोकांच्या घाईचा माग काढत हिंडल्यावर स्वभाव संशयी होणारच, त्यात माझा काय दोष?

माझा जन्म मोटारींच्या एका जुन्या, नावाजलेल्या कारखान्यात झाला. एका कारागिराने मला कापलं, कानशीने घासलं आणि एका तरुण तपासनिसाच्या हाती दिलं. तयार गाड्या ओळीने आमच्यासमोर येत. तो आधी फटीवरून अंगठा फिरवी, मग मला आत घाली. जराशी खोट दिसली की गाडी बाजूला. दारं बसवणारे वैतागत. “आला बघा पाचरमारे!” अशी लांबूनच कुजबुज सुरू होई. पुढे पुढे त्याचं खरं आडनावही लोक विसरले.

त्याची एक खास रीत होती. अधूनमधून तो मला दाराच्या वरच्या फटीत तशीच ठेवी आणि गाडीचं एक चाक लाकडी ठोकळ्यावर चढवायला लावी. गाडीचा सांगाडा दणकट असेल तर मी फटीत सैल राहत असे. लेचापेचा असेल तर गाडी पिळवटे, फट मिटत जाई आणि मी चिमटीत सापडे. “सपाट जमिनीवर सगळ्याच गाड्या शहाण्या असतात,” तो म्हणे. साहेब लोक मला हातात घेऊन कौतुकाने न्याहाळत. फार सुखाचे दिवस होते ते!

मग कारखान्यात उजेडाच्या किरणांनी मोजणारी यंत्रं आली. तपासनीस निवृत्त झाला आणि मला घरी घेऊन आला. तिथे मी जुन्या किल्ल्या, वाकडे पेचकस आणि संपलेल्या बॅटऱ्या यांच्यासोबत खणात पडून राहिले. एकदा तर जेवणाचं टेबल डुगडुगतं म्हणून मला त्याच्या पायाखाली सारलं. मला, जिच्यामुळे गाड्यांची अख्खी रांग थांबायची! रडू यायचंच काय ते बाकी होतं.

त्या टेबलाखालीच मी एक बोलणं ऐकलं. सूनबाई आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेई. तिला गाडी हवी होती. मागच्या सीटवर रोज तिची लेक पिटुकली बसणार होती.

“बाबा, मला विजेवरची घ्यायची आहे,” सूनबाई म्हणाली.

“कुणाची? त्या नव्या लोकांची?” तपासनिसाने नाक मुरडलं. “काल-परवापर्यंत बॅटऱ्या विकत होते, आज गाड्या बांधायला निघाले. त्यात माझ्या नातीला बसवायचं?”

“मग तुम्हीच तपासा. तुम्ही नाही म्हणालात तर नाही घेणार.”

लगेच त्याने वाकून मला टेबलाखालून ओढून काढलं. टेबल पुन्हा डुगडुगू लागलं, पण मला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

नव्या कंपनीचं दुकान चकाचक होतं आणि विक्रेता गोडबोल्या. माझ्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली. दाराच्या फटीत शिरले तर वर अरुंद, खाली ऐसपैस! मागच्या झाकणाचं रबर एका कोपऱ्यात मुडपलेलं. “बघ, मी म्हटलं नव्हतं?” तपासनीस सुनेला म्हणाला. त्याचं समाधान मात्र तेवढ्यावर होईना. गाडी मागच्या आवारात नेऊन त्याने मला वरच्या फटीत ठेवलं आणि चाक ठोकळ्यावर चढवायला लावलं. आता चिरडते बहुतेक, म्हणून मी अंग चोरून बसले. पण काहीच झालं नाही. फट जशीच्या तशी राहिली. तपासनीस “हं” एवढंच म्हणाला.

मग आम्ही आमच्या जुन्या कंपनीच्या दुकानात गेलो. तिथे ओळखीची माणसं होती, बसायला खुर्ची आली. विजेवरच्या नव्या गाडीच्या चारही दारांत मी एकाच रेघेवर अडकले. तपासनिसाची छाती फुगली. “याला म्हणतात काम! चल, हीच घेऊ.”

“आणि ठोकळा?” सूनबाईने विचारलं.

“अगं, आपल्या कारखान्याची गाडी आहे ही!”

“ती परकी होती म्हणून चढवलीत. हिच्यातही पिटुकलीच बसणार ना?”

तो चिडला, पण नाही म्हणू शकला नाही. गाडी आवारात आली. सूनबाई फोनवर बोलत थोडी लांब उभी होती. चाक ठोकळ्यावर चढलं, आणि मित्रांनो, फटीने मला असं आवळलं की माझा जीव घुसमटला.

त्याने मला ओढून पाहिलं. मी हलले नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं. विक्रेता चाकाकडे बघत होता. मी अडकले आहे हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. गाडी खाली घेतली की मी सुटणार होते आणि त्याच्या कंपनीची अब्रूही वाचणार होती. त्याचं सारं आयुष्य त्या नावावर गेलं होतं. मला त्या क्षणी त्याचाच संशय आला. हा मूग गिळून बसेल असं मला वाटलं आणि मी फार घाबरले.

“सूनबाई, इकडे ये,” तो म्हणाला. “ही काढून बघ. निघते का?”

तिने ओढून पाहिलं. तिला सगळं कळलं. तिने नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

शेवटी त्या नव्या लोकांचीच गाडी घरी आली. तीही तपासनिसाने दारं पुन्हा बसवून घेतल्यावर आणि रबर बदलून घेतल्यावर. मी आता तिच्याच दाराच्या कप्प्यात राहते, पण तिच्यावर माझा अजून विश्वास नाही. पिटुकली मागे बसून गाणी म्हणते आणि मी प्रत्येक खड्ड्याला कान टवकारते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं अवजार खणात पडलं असेल. त्याला पुसा, तेलाचा हात लावा. आणि ते वापराल तेव्हा परक्याच्या वस्तूइतकंच आपल्या वस्तूवरही वापरा.

तपासनीस आता फटी मोजण्याआधी चष्मा लावतो, मला उजेडात धरतो आणि माझं टोक झिजलं तर नाही ना, ते नख फिरवून बघतो. इतक्या वर्षांत त्याने माझा असा संशय कधी घेतला नव्हता. मला त्याचं फार बरं वाटतं.