माशाच्या डोक्यातला दिवा

मी एक उजेड बोलतोय. डोळे बारीक करू नका, सूक्ष्मदर्शकाशिवाय मी दिसायचा नाही. मी प्रथिन आहे. माझं हिरवेपण समुद्रातल्या एका जेलीफिशकडून आलं, बाकीचा मी प्रयोगशाळेत जुळवला गेलो. मेंदूतली पेशी बोलू लागली की तिच्यात कॅल्शियम शिरतं. ते मला बिलगलं की मी उजळतो. ती गप्प झाली की मी मंदावतो.

रत्नागिरीच्या प्रयोगशाळेत पूर्वी नावाच्या संशोधिकेने मला घडवायची कृती माशाच्या अंड्यात घातली. पिल्लू निघालं ते काचेसारखं आरपार, आणि मी त्याच्या मेंदूत राहू लागलो. ती बुरोंडी गावची, मच्छीमार मोरूची मुलगी. तिची आई कमळा मासे विकते. ती म्हणायची, "लोकं माशाचं डोकं कालवनात घालतात, माजी पोर त्यात दिवे लावते!"

त्यावर पूर्वी हसायची. पण मोरूच्या डोक्यातल्या आठवणी विरत चालल्या होत्या, आणि आठवणी पेशींत कशा राहतात हे तिला माझ्याकडूनच शिकायचं होतं. केवढा हा भरवसा! मला लाज वाटायची.

परवा भर दुपारी ती बापाला घेऊन आली. लहानपणी त्याने तिला रात्री होडीतून, मासळी हलली की चमकणारं पाणी दाखवलं होतं. मला पाहून त्याला काही आठवेल, अशी वेडी आशा. टेबलावरचा एक दिवा तेवढा चालू ठेवून तिने खोलीत अंधार केला. पडद्यावर माशाचा मेंदू उमटला. मी जीव तोडून लुकलुकलो.

मोरू ताठ झाला. "पानी पेटलंय! मासळी हाय खाली. बत्ती इजव पोरी, पळंल ती!"

पोरी! पूर्वीचा चेहरा फुलला. "बाबा, ओळखलंस मला?"

त्याने तिला नीट न्याहाळलं. मग गावात अनोळखी मुलीला विचारतात तसं मायेने विचारलं, "कोनाची गो तू?"

याला उत्तर म्हणून बापाचं नाव सांगायचं असतं.

"मोरूची," ती म्हणाली.

"छे गो! मोरूची पोर एवढीशी हाय. घरी वाट बघत असंल. तू जरा जाल्याला हात लाव, लवकर आटपू. ती माज्याबिगर जेवत नाय."

"लावते," पूर्वी म्हणाली. तिने दिवा विझवला आणि बापाशेजारी उभी राहून नसलेलं जाळं ओढू लागली.

या पिल्लाबरोबर मीही विझेन, त्याचं दुःख नाही. पण मोरूच्या डोक्यात त्या क्षणी काय उजळलं, ते मला दिसलं नाही. तिथवर मला कोणी नेलेलंच नाही. मला घडवणाऱ्यांनो, हात चालवा. मोरूच्या घरी एक पोर जेवायची थांबली आहे.