रत्नम्माची मोटारसायकल

लातूर नवा जिल्हा झाला आणि पुढच्याच वर्षी पावसानं दडी मारली. माझी बायको रत्नम्मा आरोग्य खात्यात होती. गावोगावी टँकरचं पाणी तपासायचं, विहिरीत पावडर टाकायची, हे तिचं काम. आम्ही मुरुडला राहायचो, नवं ऑफिस लातूरला, आणि गावं चारी दिशांना. एसटीनं जमेना. एकदा गाडी चुकली म्हणून ती भर उन्हात आठ किलोमीटर चालत आली. घागरभर पाणी पिऊन म्हणाली, "अहो, आपण मोटारसायकल घेऊ."

"मला चालवता येत न्हाई," मी म्हणालो.

"मला येती की."

माहेरी उदगीरला भावाची गाडी ती शेतापर्यंत न्यायची म्हणे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि मला हे तेव्हा कळलं!

रत्नम्मा सहा फूट उंच, वजन शंभराच्या पुढं. मी पाच फूट दोन इंच. लातूरच्या दुकानात शिरलो तसा मालक मल्लिकार्जुन माझ्याकडं बघून एक मोपेड पुढं ओढायला लागला.

"मला न्हाई, हिला पाहिजे."

त्यानं मान वर करत करत तिच्या तोंडापर्यंत नेली. "बाईंला?"

"लायसन दाखवू का?" रत्नम्मानं पिशवीतून ते काढलंसुद्धा. ते कधी काढलं, हेही मला ठाऊक नव्हतं.

मोपेडवर ती बसली तर गुडघे हँडलला भिडले आणि मागचं चाक दबून गेलं. स्कूटरवर पाय मावेनात. हलक्या मोटारसायकलवर ती नीट बसली, पण माझ्यासाठी चार बोटं सीट उरली. मी तरी बसून बघितलं आणि मागच्या कॅरिअरवर घसरलो. रत्नम्माला हसू आवरेना. मल्लिकार्जुननं रुमालानं तोंड दाबलं.

"ती कोपऱ्यातली?" रत्नम्मानं विचारलं.

काळी, जुनी, भारी गाडी होती. "ती लई जड हाय बाई, गडीमाणसांला पेलत न्हाई," मल्लिकार्जुन म्हणाला.

"मी पण जडच हाय."

तिनं लुगड्याचा काष्टा नीट खोवला, टांग टाकली. दोन्ही तळवे जमिनीवर पक्के. गुडघे मोकळे, हात सरळ. बसल्या बसल्या दोनदा उसळून बघितलं. "मागची स्प्रिंग जरा कडक करा," तिनं दुकानातल्या मिस्त्रीला सांगितलं. त्यानं पान्यानं ती दोन घरं वर घेतली. पुन्हा उसळून बघितलं. "हां, आता."

मी मागं बसलो. ऐसपैस जागा!

"गोलाईला एक चक्कर मारून या," मल्लिकार्जुन म्हणाला.

गंजगोलाईच्या गोल बाजाराला चक्कर झाली. दुसरी झाली. भाजीवाल्या उभ्या राहून बघायला लागल्या. "अगं, थांब की!" मी म्हणालो. "अजून एक!" ती म्हणाली. तिसऱ्या चकरेला शिपायानं शिट्टी मारली, तशी तिनं हसत गाडी मुरुडच्या रस्त्याला लावली. वारा कानात भरला. माझी टोपी उडाली आणि आम्हा दोघांनाही तिचं काही वाटलं नाही. मी ओरडून ओरडून काहीतरी गात होतो.

गाव मागं पडलं आणि गाडी फुर्रफुर्र करून थांबली. टाकी कोरडी. मल्लिकार्जुननं चकरेपुरतंच पेट्रोल टाकलं होतं.

मी वर बसून हँडल धरलं, रत्नम्मा मागून ढकलत होती. मी डुगडुगलो की ती खिदळायची, तिच्या खिदळण्यानं गाडी वाकडी व्हायची, आणि मला हसून हसून उचकी लागली. मागून रिक्षा आली. आत पेट्रोलचा कॅन मांडीवर घेतलेला मल्लिकार्जुन, घामानं ओलाचिंब.

"मला वाटलं, पळवली गाडी!"

"पळवलीच हाय," ती धापा टाकत म्हणाली. "हीच द्या. दुसरी दाखवूच नका."

त्यानं पेट्रोल ओतलं. मग खिशातून पावतीचा कागद काढून मला विचारलं, "नाव कुणाचं टाकू शेठ?"

"तिचंच टाका," मी म्हणालो. उचकी अजून थांबली नव्हती.

त्यानं टाकीवर कागद ठेवून नाव लिहिलं. रत्नम्मानं ते दोनदा वाचलं, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "बसा मागं. परत गोलाईला जाऊ."