मास्तरांनी जोडलेला संगणक

"हाच उचला, दाजी. डोळे झाकून!" तेओने खोक्यावर थाप मारली, गुरांच्या बाजारात बैलाच्या पाठीवर मारतात तशी. "घरी न्यायचा, वायर खोचायची, की सुरू. दोन वर्षांची हमी आहे. बिघडला तर दुकानवाले बघतील, तुमच्या डोक्याला ताप नाही."

पेरू देशातल्या उआंकायो शहरातल्या त्या मोठ्या दुकानात रविवारची गर्दी होती. अबेलार्दो ओरिवेला हात खिशात घालून खोक्याशेजारी मांडलेल्या यंत्राकडे पाहत होते. यंत्राला एका बाजूने काच होती आणि आत लाल, हिरवे, जांभळे दिवे गरगर फिरत होते.

"हे दिवे कशाला?"

"शोभेला."

"म्हणजे शोभेचे पैसे मी मोजायचे?"

"दाजी, सॅक्सोफोन घेताना तो चकाकतो कशाला, असं विचारलं होतंत का कधी?"

मागे उभी असलेली देल्फिना फिसकन हसली. देल्फिना म्हणजे अबेलार्दोंची बायको आणि तेओ तिचा धाकटा भाऊ. तो नगरपालिकेत कारकून होता. त्याच्या घरातली प्रत्येक वस्तू बंद खोक्यातून आलेली आणि प्रत्येकीचा हमीचा कागद एका फायलीत लावलेला. एकदा त्याने छत्रीची हमी मागितली होती, असे देल्फिना सांगे.

अबेलार्दोंना सगळ्या खोऱ्यात मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी संगीत शिकवले होते, पण त्यांची खरी ओळख वेगळीच होती. आठ सॅक्सोफोन, दोन क्लॅरिनेट, एक व्हायोलिन आणि एक हार्प अशा त्यांच्या गावच्या ऑर्केस्ट्राची सुरांची पाने एक्केचाळीस वर्षे ते लिहून देत आले होते. नवे गाणे आले की कुणीतरी ते त्यांच्यासमोर गुणगुणायचे आणि दोन दिवसांत बारा वादकांची बारा पाने तयार व्हायची. ते स्वतः कधी मंचावर चढले नाहीत. ऑर्केस्ट्राच्या फोटोंतही ते नव्हते. बहुतेक फोटो त्यांनीच काढलेले होते.

आता त्यांना पाने संगणकावर लिहायची होती. शाळेतल्या नव्या संगीत शिक्षिकेने त्यांना दाखवले होते: कळ दाबली की सुराची खूण पाच रेघांवर सरळ जाऊन बसते आणि बाराही वाद्ये यंत्रातूनच ऐकू येतात. "पण मास्तर, मेमरी भरपूर घ्या," तिने बजावले होते, "नाहीतर बारा वाद्यं एकदम वाजवायला गेलात की यंत्राला धाप लागेल." त्यांनी खोक्यावरचा आकडा वाचला. शिक्षिकेने सांगितला होता त्याच्या निम्म्याहून कमी होता.

"दिवे भरपूर आणि मेमरी एवढीशी," ते म्हणाले. "चला, मिर्ताबाईंकडे जाऊ."

तेओने कपाळाला हात लावला.

मिर्ताबाईंचा गाळा काये रेआल रस्त्यावरच्या एका व्यापारी गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होता. गाळा कसला, कपाटच. दोन माणसे आत शिरली की तिसऱ्याने बाहेर उभे राहायचे. पंचेचाळिशीच्या मिर्ताबाई मोकळे सुटे भाग विकत आणि मागे बसून जोडूनही देत.

"मास्तर, एक सांगा. तुम्ही त्याच्यावर गेम खेळणार?"

"मी फुलीगोळासुद्धा खेळत नाही."

"मग त्या दुकानात तुम्ही निम्मे पैसे गेमच्या कार्डाला दिले असते. ते कार्ड तुमच्याकडे जन्मभर झोपा काढत बसलं असतं." त्यांनी एका पुठ्ठ्यावर यादी लिहायला घेतली. "हा प्रोसेसर. चित्र दाखवायची सोय ह्याच्यातच आहे, कार्ड नको. मेमरी त्यांच्या चौपट. पडदा मोठा, बाराही ओळी एकदम दिसतील असा. कॅबिनेट साधं, काळं. दिवे नाहीत."

"आणि हमी?" दाराबाहेरून तेओने विचारले.

"प्रत्येक भागाची वेगळी आहे, साहेब. एकूण सात कागद मिळतील."

सात कागद म्हटल्यावर तेओ जरा विरघळला.

बेरीज झाली ती त्या दिव्यांच्या यंत्रापेक्षा शंभर सोल कमीच. "तासाभरात जोडून देते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तोवर खाली जाऊन काहीतरी खाऊन या," मिर्ताबाई म्हणाल्या.

"जोडायला नको," मास्तर म्हणाले. "भाग तेवढे द्या. मी घरी जोडेन."

तेओ दारातूनच म्हणाला, "दाजी, गेल्या वर्षी तुम्ही घरातलं कपाट जोडलंत. त्याचं दार अजून फक्त आतून उघडतं!"

"तुला कधी आत बसायचं असेल तर उपयोगी पडेल," मास्तर म्हणाले.

सगळे हसले. देल्फिना मात्र हसली नाही. ती नवऱ्याच्या कोटाच्या खिशाकडे पाहत होती. हात अजून खिशातच होते.

ती काय पाहते आहे, हे मास्तरांच्या लक्षात आले नाही. गेल्या वर्षीच्या कार्निव्हलपासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. आधी अगदी किंचित, मग लेखणी धरली की दिसेल इतका. सुरांच्या दांड्या वाकड्या पडू लागल्या. यंदा फेब्रुवारीत एका क्लॅरिनेटवाल्याने त्यांच्या पानावरून चुकीचा सूर वाजवला आणि वर त्यांचीच माफी मागितली. त्यांनी शाईला दोष दिला, मग निबाला, मग कागदाला. घरी मात्र सांगितले, "जमाना बदलला, आता छापलेलीच पानं हवीत." संगणक जोडायचा हट्टही त्यातलाच. इतके बारीक काम या हाताने पार पडले तर अजून सगळे संपलेले नाही, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणे उरकल्यावर त्यांनी जेवणाचे टेबल खिडकीशी ओढले. जून महिना, म्हणजे तिथला हिवाळा; ऊन लख्ख पण हवा बोचरी. मिर्ताबाईंनी बजावले होते की लोकरीचे कपडे घालून भागांना हात लावू नका, लोकरीतून वीज उडते. म्हणून मास्तर अल्पाकाच्या लोकरीचा स्वेटर उतरवून नुसत्या सुती सदऱ्यात बसले होते. तेओही कामावरून रजा टाकून तमाशा बघायला आला होता. भाजलेल्या मक्याची वाटी मांडीवर घेऊन तो कोपऱ्यात बसला.

"मक्याचे दाणे आत उडवू नकोस," देल्फिनाने दटावले. ती खिडकीच्या दुसऱ्या बाजूला आपल्या कामाला बसली होती. ती मूळची सान हेरोनिमो या चांदीकामाच्या गावची. केसासारख्या बारीक चांदीच्या तारा वळून ती मोरांची कर्णफुले घडवायची. आईकडून शिकलेला हा धंदा तिने लग्नानंतरही सोडला नव्हता.

मदरबोर्ड टेबलावर ठेवून झाला. मास्तरांनी प्रोसेसरची डबी उघडली. बिस्किटाएवढा चौकोन, आणि खाली हजाराच्या वर सोनेरी टाचण्या, मुंग्यांच्या पायांहून बारीक. बोर्डावर त्याच्यासाठी तितकीच भोके होती. जोर लावायचा नाही, नुसता ठेवायचा, आपोआप बसतो, असे मिर्ताबाईंनी सांगितले होते.

मास्तरांनी तो चिमटीत उचलला. हात बोर्डावर आला आणि थरथरू लागला. त्यांनी श्वास रोखला. डाव्या हाताने उजवे मनगट धरले. चौकोन एका कोपऱ्यावर टेकला, निसटला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि त्यांच्या मांडीवर पडला.

तेओचे मका चघळणे थांबले.

मास्तरांनी तो उलटा केला. एका कोपऱ्यातल्या चार टाचण्या आडव्या झाल्या होत्या, वाऱ्याने झोपलेल्या गव्हासारख्या.

"हमीत बसेल का हे?" तेओने हळूच विचारले, आणि आपण हे विचारायला नको होते हे त्याच्या त्यालाच कळले.

"नाही बसत. मिर्ताबाईंनी सांगितलं होतं." मास्तरांनी उजवा हात काखेत दाबला. "थंडी फार आहे. थंडीने हात कापला."

देल्फिनाने हातातली तार खाली ठेवली. "थंडी आज आहे. फेब्रुवारीत काय होतं?"

मास्तर प्रोसेसर डबीत ठेवू लागले.

"सूप पिताना चमचा डाव्या हातात घेतोस. दाढी करताना दार लावून घेतोस. परवा सुईत दोरा ओवायला मला हाक मारलीस, आयुष्यात पहिल्यांदा. मी काय आंधळी आहे, म्हाताऱ्या?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी सांगतोस, त्याची वाट बघत होते. इतका उशीर लावशील असं वाटलं नव्हतं."

तेओ उठून म्हणाला, "मी जरा मुन्याच्या पानांचा चहा टाकतो," आणि स्वयंपाकघरात गेला. तिथे बराच वेळ त्याने नुसती भांडी वाजवली.

मास्तर म्हणाले, "मला वाटलं, हे एवढं जमलं तर..."

"तर काय? हात बरा होणार होता?" तिचा आवाज मऊ झाला. "दे इकडे."

तिने दिवा जवळ ओढला, भिंग डोळ्याला लावले आणि आपला सर्वांत बारीक चिमटा घेतला. आधी स्वतःच्या अंगातला लोकरी स्वेटर काढून खुर्चीवर फेकला. मग प्रोसेसर उलटा धरून ती पाहत राहिली, नव्या नक्षीचा अंदाज घ्यावा तशी.

"सोन्याचा मुलामा आहे," ती पुटपुटली. "आतून तांबं असावं. वाकेल, तुटणार नाही. घाई केली नाही तर."

पहिली टाचणी उभी राहायला दहा मिनिटे लागली. दुसरी लवकर झाली. तिसरीच्या वेळी मास्तरांनी खुर्ची जवळ ओढून दिवा धरला, डाव्या हाताने. चौथी अर्धवट उभी राहिली तेव्हा देल्फिना थांबली, तिने डोळे चोळले, खिडकीबाहेर पाहिले आणि पुन्हा वाकली.

"आता बसव," ती म्हणाली.

"तूच बसव."

"संगणक कुणाचा?"

शेवटी दोघांनी मिळून बसवला. त्यांनी तिचे मनगट धरले की तिने त्यांचे, हे नीट सांगता यायचे नाही. चौकोन बोर्डावर टेकला आणि अलगद खाली उतरला. तेओ चहाचे पेले घेऊन दारात उभा होता. "बसला?" त्याने इतक्या दबक्या आवाजात विचारले, जणू कुणी बाळ झोपवत होते.

बाकीचे त्या मानाने सोपे होते. स्क्रू देल्फिनाने आवळले, वायरी तेओने पुस्तिका मोठ्याने वाचून दाखवत लावायला सांगितल्या, आणि मास्तरांनी कुठली वायर कुठे जाते हे दोघांच्या आधी ओळखले. संध्याकाळच्या आत कळ दाबली. पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला. तेओचा चेहरा लांब झाला. मास्तरांनी मिर्ताबाईंना फोन लावला.

"मेमरी पुरती बसली नसेल," पलीकडून आवाज आला. "टक् वाजेपर्यंत दाबा. घाबरू नका, दाबा!"

तेओने दाबली. टक्. पडद्यावर उजेड आला आणि तेओने टेबलाभोवती अशी गिरकी घेतली की मक्याची वाटी सगळ्या खोलीभर सांडली.

"बघा दाजी, मी म्हणतच होतो, घरी जोडलेलाच चांगला!"

त्या आठवड्यात देल्फिना मास्तरांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. हा वयाचा कंप आहे, जिवाला धोका नाही, गोळीने थोडा उतरेल पण जाणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. मास्तरांनी परतताना वाटेत आइस्क्रीम मागितले आणि सरळ उजव्या हातात धरून खाल्ले. सदऱ्यावर दोन डाग पडले.

जुलैत, सान्तियागोच्या सणाआधीची तालीम साबिनोच्या अंगणात होती. साबिनो म्हणजे ऑर्केस्ट्रातला सर्वांत जुना सॅक्सोफोनवाला, वय अठ्ठ्याहत्तर. मास्तरांनी बारा पाने वाटली. सरळ रेघा, टपोऱ्या खुणा. वादक पाने उलटसुलट करून पाहू लागले.

"चष्म्याशिवाय दिसतंय मला," साबिनो म्हणाला. मग त्याने पान जवळ धरले, पुन्हा लांब धरले. "झकास आहे, मास्तर. पण श्वास कुठे घ्यायचा?"

मास्तर चपापले. हाताने लिहिताना ते प्रत्येक फुंकणाऱ्याच्या पानावर श्वासाच्या जागी छोटा स्वल्पविराम काढत. साबिनोला दर दुसऱ्या ओळीत लागे, तरुणांना चौथ्या; सिगारेट ओढणाऱ्या क्लॅरिनेटवाल्याला त्याहून लवकर. प्रत्येकाची छाती त्यांना पाठ होती. संगणकावर ती खूण कुठल्या कळीने येते, हे त्यांनी शोधलेच नव्हते.

मास्तरांनी हार्पवाल्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली. सर्वांत आधी ते साबिनोपाशी गेले. हात कापत होता, गोळी घेऊनही. साबिनोने काही न बोलता पान दोन्ही हातांनी ताणून धरले. खूण उमटली, शेपूट जरा लांबलेली. मग दुसरी. बाकीच्यांनी आपापल्या वाद्यांची तोंडे तपासायला घेतली. एकाने सॅक्सोफोनची एकच कळ चार वेळा पुसली.

एकेक करून दहा जण झाले. मास्तर पेन्सिल परत द्यायला वळले, तर व्हायोलिनवाला फोर्तुनातो पान पुढे करून उभा.

"माझं राहिलं."

"तुला कशाला? तू तर हाताने वाजवतोस."

"असू दे. सगळ्यांना आहे."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले. मग पहिल्या ओळीच्या शेवटी एक वाकडातिकडा स्वल्पविराम काढून दिला, आणि भिंतीशी जाऊन नेहमीच्या जागी उभे राहिले.

साबिनोने पायाने ताल धरला. गाणे उचलले गेले. पहिल्या ओळीच्या शेवटाला फोर्तुनातोने गज तारांवरून वर उचलला, छाती भरून श्वास घेतला, आणि मग पुढचा सूर लावला.