श्रद्धांजलीची घाई

गोकुळ रोज सकाळी आधी कोण मेलं ते बघायचा आणि मग चहा घ्यायचा. पेपर त्याने कधीच बंद केला होता. पेपरात माणूस एक दिवस उशिरा मरतो.

चिखलीत बसस्टँडमागे त्याचं प्लॉट खरेदी-विक्रीचं ऑफिस होतं. काचेचं टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर एक लेआउटचा नकाशा. त्यातली झाडं हिरवी होती, कारण ती छापलेली होती. खरा धंदा मात्र फोनमध्ये चालायचा. जिल्ह्यातल्या गावोगावच्या ग्रुपांत तो होता. भजनी मंडळांत होता, माजी विद्यार्थ्यांत होता, एका महिला बचत गटातही होता. तिथून त्याला कोणी काढलं नव्हतं, कारण अध्यक्ष बाईंना काढता येत नव्हतं.

'शेत विकणे आहे' असं ज्या दिवशी कोणी लिहितो, त्या दिवशी त्याच्या दारात दलालांच्या चपलांचा ढीग पडलेला असतो. गोकुळचं म्हणणं, त्याच्या आधीचं वाचता आलं पाहिजे. पोराचा कॅनडातल्या बर्फात उभा असलेला फोटो आला, की त्या घरचं शेत आज ना उद्या निघणार. 'बी पॉझिटिव्ह रक्ताची तातडीने गरज' आलं, की लवकर निघणार. सख्ख्या भावाच्या वास्तुशांतीच्या फोटोला सख्ख्या भावाने अंगठा दिला नाही, म्हणजे वाटणी झाली किंवा होऊ घातली आहे. आणि मयत असेल तर विचारायलाच नको. ज्याची श्रद्धांजली पहिली, त्याला त्या घरात तेरवीपर्यंत आपल्या माणसासारखा मान मिळतो आणि तेरवीनंतर सातबारा बघायला मिळतो.

श्रद्धांजलीचं चित्र त्याची बायको छाया करायची. ती बी.ए. होती आणि तिचा हात चांगला होता. खाली पणती, बाजूला झेंडू, मागे ढगातून आलेला उजेड. पण मेल्यावर चित्र करायला बसलं तर मेहकरचा एक दलाल हमखास आधी टाकायचा. म्हणून दवाखान्यात असलेल्यांची चित्रं गोकुळ आधीच तयार करून घ्यायचा.

"आवो, जित्या मानसाला पणती लावाले मले कसंतरी होते," छाया म्हणायची.

"तारीख टाकू नको. तारीख टाकली नाही म्हंजे काही होत नाही."

छाया तारीख टाकत नसे.

उकंडराव त्याला सापडले ते त्यांच्या मुलीमुळे. जयमालाने फेसबुकवर लिहिलं होतं, 'लोणारमध्ये दोन खोल्या भाड्याने पाहिजेत. राहणार फक्त मी आणि वडील.' लोकांनी खाली खोल्यांचे पत्ते दिले. गोकुळने ते वाक्य दोनदा वाचलं. 'फक्त मी' म्हणजे सासर सुटलेलं. 'आणि वडील' म्हणजे मुलगा असेल तर तो विचारत नाही. त्याने चौकशी केली. मुलगा ज्ञानेश्वर पुण्यात होता आणि विचारत नव्हता. सुलतानपूरच्या फाट्याजवळ उकंडरावांची आठ एकर जमीन होती, त्यातली दोन अगदी डांबरी रस्त्याला. सगळी स्वतः कमावलेली, सगळी त्यांच्या एकट्याच्या नावावर.

त्या दोन एकरांच्या मागचं रान गोकुळने स्वतःचं होतं-नव्हतं ते घालून आधीच घेतलं होतं. त्याला रस्ता नव्हता. रस्ता मिळाला तर तिथे प्लॉट पडणार होते. नाही मिळाला तर त्यात हेलिकॉप्टरने उतरावं लागणार होतं.

तो दुसऱ्याच दिवशी केळी घेऊन गेला. उकंडराव म्हणाले, "दोन एकर घे. पैसे पोरीच्या खात्यात टाक. लोनारात तिले घर झालं पाह्यजे. माह्या मागं तिले कोनी अंगनात उभं नाही करनार." साठेखत टाईप झालं. सहीचा दिवस ठरला. त्याच्या आधी उकंडरावांना न्यूमोनिया झाला आणि जयमालाने त्यांना संभाजीनगरच्या एका खाजगी दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलं.

गोकुळने देव पाण्यात घातले. छायाने चित्र तयार केलं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर होतं.

मलकापूरचे एक कापसाचे व्यापारी वारले, ती बातमी गोकुळला चहाच्या टपरीवर मिळाली. एका हातात कप होता. त्यांचंही चित्र फोनमध्ये तयार होतं. त्याने ते निवडलं आणि सगळ्या ग्रुपांवर सोडलं. दोन्ही म्हातारे पांढऱ्या टोपीतले, दोन्ही हसरे, दोघांच्या मागे तोच उजेड. कप खाली ठेवताना त्याने नाव वाचलं. उकंडराव.

त्याने घाईघाईने एकेक ग्रुप उघडून चित्र पुसायला घेतलं. फोनने दर वेळी विचारलं, सगळ्यांसाठी पुसू की फक्त तुमच्यासाठी? बोट दर वेळी चुकीच्या ओळीवर पडलं. गोकुळच्या फोनपुरते उकंडराव जिवंत झाले.

बाकी जिल्ह्यात त्यांचं जाणं वेगाने सुरू झालं. बांधावरून भांडण होऊन ज्याने वर्षानुवर्षं तोंड पाहिलं नव्हतं, त्याने 'आधारवड कोसळला' असं लिहिलं. भजनी मंडळाने पेटीवाला गेला म्हणून हळहळ व्यक्त केली. उकंडरावांनी जन्मात पेटीला हात लावला नव्हता. गोकुळने लिहिलं, 'क्षमस्व, चुकून पाठवले गेले, ते सुखरूप आहेत.' त्यावर एकाने सुनावलं, 'दुःखाच्या प्रसंगी चेष्टा शोभत नाही.' मग वीस-पंचवीस जणांचे जोडलेले हात आले आणि सुखरूपपणा त्यांच्याखाली गाडला गेला.

त्याने जयमालाला फोन लावला.

"ताई, मामा कसे हायेत?"

"बरे हाय. सकाळी दोन चमचे पेज घेतली. डॉक्टर म्हनते, सुधरून राह्यले. पन गोकुळभाऊ, लोक काऊन रडून राह्यले वो फोनवर? मी म्हनतो बाबा हाय, तर म्हनते, पोरी, मन घट्ट कर. माह्यावर कोनी इस्वासच नाही ठेवत."

"ज्ञानेश्वर?"

"निघाला म्हने पुन्याहून. आठ दिस झाले फोन करून राह्यलो, त्याले सुट्टी नव्हती. आज भेटली."

गोकुळ गाडी काढून संभाजीनगरला पोचला, तेव्हा ज्ञानेश्वर दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये उभा होता. पांढरा सदरा, डोळे लाल. वडील जिवंत आहेत हे कळून त्याला अर्धा तास झाला होता आणि त्यातून तो अजून सावरला नव्हता.

"सुधारणा आहे," डॉक्टर सांगत होते. "अजून आठ-दहा दिवस लागतील."

"म्हणजे नक्की बरे होतील? गॅरंटी आहे?"

"वय बघता गॅरंटी कशी देणार?"

"मग मी तेच म्हणतोय," ज्ञानेश्वर म्हणाला आणि त्याने फोन पुढे केला. सुलतानपूरहून चुलतभावाने व्हिडिओ पाठवला होता. अंगणात मंडप पडला होता. लाकडं आली होती. खुर्च्यांवर माणसं बसली होती. "नागपूरहून मावशी निघाल्यात. सगळ्यांनी रजा टाकल्यात. ह्या लोकांना आता मी काय सांगू? आणि दहा दिवसांनी परत काय तोंडाने बोलावू?"

"म्हंजे लोक आले म्हून बाबाले मरू द्याचं का?" जयमाला म्हणाली.

"असं कोण म्हणतंय? घरी नेऊ म्हणतोय. घरच्या वातावरणात माणूस सुधारतो."

"ऑक्सिजन काय झाडाले लटकून राह्यला का घरी?"

गोकुळ मध्ये पडला. आयुष्यात पहिल्यांदा तो कोणाच्या तरी जिवासाठी मनापासून भांडत होता, कारण त्या जिवाला सही करता येत होती. "दादा, असं नका करू. आठ दिवसांचा दवाखान्याचा खर्च मी करतो. पुढचाही करतो. मामाले इथंच राहू द्या."

जयमालाचे डोळे भरून आले. "पाह्य," ती भावाला म्हणाली, "परका मानूस हाय हा."

ज्ञानेश्वरने परक्या माणसाकडे नीट पाहिलं आणि त्याला खाली पार्किंगमध्ये नेलं.

"रस्त्याकडचे दोन एकर ना?" त्याने विचारलं. "चुलत्यांनी सांगितलंय मला. मागचं रान तुमचं आहे. बाबांनी माझ्या माघारी सही केली, की मी दुसऱ्या दिवशी कोर्टात जाणार. म्हातारा शुद्धीत नव्हता म्हणणार. निकाल लागेल तेव्हा तुमचे केस पांढरे झालेले असतील."

गोकुळने खांद्यावरची बॅग पुढे ओढून धरली.

"त्यापेक्षा माझ्याशी बोला. दोन कशाला, आठही घ्या. मला पुण्यात फ्लॅट बघायचाय, मी दरासाठी अडून बसणार नाही."

"मामाच्या मागं ताईची बी सही लागन."

"ती हक्कसोड करून देईल. तिला माहेर लागेल की नाही?"

समोर एक रुग्णवाहिका मागे घेत होते. ड्रायव्हरला कोणीतरी 'येऊ द्या, येऊ द्या' करत होतं. गोकुळने मनात दोन्ही रस्ते चालून पाहिले. एका रस्त्यावर आजारी म्हातारा होता, मग कोर्ट होतं. दुसऱ्यावर फक्त थोडी वाट पाहायची होती. त्याला स्वतःचा राग येईल असं वाटलं होतं, पण वाटलं ते सुटल्यासारखं.

वर गेल्यावर जयमाला त्याच्याजवळ आली. "गोकुळभाऊ, तुमी बोला ना त्याले. तुमचं आयकन तो."

"घरचा मामला हाय, ताई," गोकुळ म्हणाला. "मी जास्त काय बोलू?"

'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत' याखाली मुलाने सही केली. मुलीची सही कोणी मागितली नाही. रुग्णवाहिकेत ऑक्सिजनचा सिलिंडर होता आणि सुलतानपूर येईपर्यंत उकंडरावांचा श्वास बरा चालला. अंगणात उतरवल्यावर जयमालाने ड्रायव्हरचे पाय धरले, सिलिंडर ठेवून जा म्हणून. तो भला माणूस होता, त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण सिलिंडर गाडीचा होता आणि गाडी मालकाची. तो घेऊन गेला.

मंडपात बायकांनी रडायला सुरुवात केली होती. स्ट्रेचरवरचा माणूस मान वळवून बघतोय हे दिसल्यावर पुढच्या ओळीतलं रडणं थांबलं, मागच्या ओळीतलं चालू राहिलं. एकाने हातातला हार पाठीमागे धरला. घरातलं सामान बाहेर काढून ओसरी धुतली होती, ती अजून ओली होती. म्हणून त्यांना अंगणातच खाटेवर ठेवलं.

उकंडरावांनी मंडप पाहिला. खुर्च्या पाहिल्या. भाऊबंद, सोयरे, बांधाचा शेजारी, सगळ्यांवरून त्यांची नजर फिरली. छाती भात्यासारखी हलत होती.

"कोन गेलं वो?" त्यांनी विचारलं.

एका पोराला हसू आलं, त्याला त्याच्या आईने चिमटा काढला.

"कोनी नाही, बाबा," जयमाला म्हणाली. "तुमाले भेटाले आले सारे."

त्यांना ते पटलं असावं. मग त्यांना गोकुळ दिसला आणि चेहऱ्यावर ओळख आली. त्यांनी बोटाने त्याला जवळ बोलावलं.

"गोकुळ... कागद आनला का बे?"

कागद त्याच्या खांद्याच्या बॅगेत होता.

"आन. पोरीचं काम... करून टाकू. सही होते माह्याच्यानं. एवढे सारे... साक्षीले हायेत."

जयमाला पळत आत गेली आणि पेन घेऊन आली. मंडपातले लोक पुढे सरकले. ज्ञानेश्वर खांबाला टेकून उभा होता. तो वडिलांकडे बघत नव्हता, गोकुळकडे बघत होता.

गोकुळ खाटेजवळ उकिडवा बसला. बॅग त्याने मागे सारली. उकंडरावांचा गार पडत चाललेला हात त्याने दोन्ही हातांत घेतला. इतक्या मायेने, की मागच्या बायकांना पुन्हा हुंदका आला.

"आधी बरे व्हा, मामा," तो म्हणाला. "घाई काय हाय एवढी?"

"हाव," उकंडरावांनी होकार दिला आणि डोळे मिटून घेतले.

जयमाला पेन घेऊन तशीच उभी राहिली. पुढे आलेली माणसं एकेक करून मागे गेली आणि आपापल्या खुर्चीवर बसून वाट पाहू लागली.